जरा मोठ्याने बोलता का?

एप्रिल २०२० मधली गोष्ट. घरून हेल्पलाइनची ड्यूटी करायला लागून जेमतेम आठवडा झाला होता. हेडफोनमध्ये रिंग वाजली, मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "नमस्कार, मी ऐकतेय, बोला." पलीकडून काहीच नाही. मग कुणीतरी पुटपुटल्यासारखं वाटलं, पण शब्द एकही कळेना. नेटवर्क खराब असेल असं समजून मी म्हटलं, "आवाज नीट येत नाहीये, जरा मोठ्याने बोलता का?"

फोन कट.

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. कॉल कट होणं आमच्याकडे रोजचंच. लोक फोन लावतात, आवाज ऐकतात, धीर होत नाही, ठेवून देतात. दहा-दहा वेळा असं करून अकराव्यांदा बोलणारेही असतात. पण रात्री नोंदी लिहायला बसले आणि हात थांबला. त्या कॉलमध्ये मागे टीव्ही चालू होता. बातम्या देणारी बाई काय म्हणतेय ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. म्हणजे लाइन चांगली होती. ती व्यक्ती मुद्दाम कुजबुजत होती, टीव्हीच्या आवाजाआड. आणि मी तिला सांगितलं, मोठ्याने बोल.

आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेच्या हेल्पलाइनवर मी ऐकण्याचं काम करते. पगार नाही, मानसशास्त्राची पदवी लागत नाही, प्रशिक्षण मात्र कडक असतं. आठवड्याला चार तासांची एक ड्यूटी. संस्थेचं नाव इथे देत नाही, आणि जे प्रसंग सांगतेय ते ओळख पटू नये इतपत बदललेले आहेत. साथीच्या काळात आमच्या कामाचं काय झालं असं लोक विचारतात तेव्हा त्यांना आकडे हवे असतात, किती फोन वाढले वगैरे. तेही सांगते. पण माझ्या डोक्यात त्या दोन वर्षांचा विचार आला की आधी खोल्या येतात.

हे काम सुरू झालं तेच एका खोलीत. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वाराह नावाच्या धर्मगुरूंनी चर्चमध्ये एक फोन ठेवला आणि जीव द्यायचे विचार मनात येणाऱ्यांनी फोन करावा किंवा सरळ भेटायला यावं, असं जाहीर केलं. पुढे त्यातूनच समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. वाराह आत एकेकाला भेटायचे. बाहेर ताटकळलेल्या लोकांना सोबत म्हणून काही स्वयंसेवक त्यांना चहा द्यायचे, त्यांच्याशी गप्पा मारायचे. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की बाहेरच बोलून मोकळे झालेले बरेचजण आत न जाताच निघून जातायत. १९५४ मध्ये त्यांनी ते काम स्वयंसेवकांकडे सोपवलं. प्रशिक्षणात ही गोष्ट ऐकली तेव्हापासून ती बाहेरची खोली माझ्या डोक्यात बसली आहे.

आमचीही एक खोली होती. दोन टेबलं, मध्ये लाकडी आडोसा, जाड पडदे, कागदी रुमालांचा डबा, भिंतीवर टिकटिक न करणारं घड्याळ (टिकटिक करणारं होतं ते एका कॉलरने "तुमच्याकडे वेळ लावलीय का?" असं विचारल्यावर काढलं). दारावर पाटी नाही. ड्यूटीवर कायम दोघं. एकाचा कॉल जड चालला असेल तर दुसऱ्याला ते पाठीवरूनच कळतं. तो येऊन पाण्याचा ग्लास ठेवून जातो, बोलत नाही. ड्यूटी संपली की प्रमुख ताईंना फोन करून "रिकामं" व्हायचं. रिकामं होणं हा आमचा शब्द. कोणते कॉल आले, कोणता मनाला लागला, कुठे आपलं चुकलं, सगळं तिथे ओतायचं आणि मगच घरी जायचं. घरी पोचायला मला पस्तीस मिनिटं लागायची. त्या पस्तीस मिनिटांना काही किंमत आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही जागतिक महामारी असल्याचं सांगितलं. आमच्याकडचे निम्म्याहून अधिक स्वयंसेवक निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे. म्हणजे ज्यांनी घराबाहेर पडूच नये तेच आमचा कणा. काही दिवस खोलीत एकेकाने बसायचं ठरलं. टेबल पुसायचं, रिसीव्हर पुसायचा, निघताना पुन्हा पुसायचा. एकट्याने बसणं आमच्या नियमात बसत नव्हतं, पण नियम कोणाला आठवत होते? मग तेही थांबलं. हेल्पलाइन बंद ठेवायची की घरून चालवायची, यावर दोन तास बैठक झाली. दोन्हीकडच्यांचं बरोबर होतं. घरून चालवली तर गुप्तता कशी राखणार? आणि बंद ठेवली तर ज्यांच्या फोनमध्ये हाच एक नंबर साठवलेला आहे त्यांना काय उत्तर देणार?

बाहेरच्या माणसाला वाटेल, फोन फॉरवर्ड केला की झालं. पण कॉलरचा नंबर स्वयंसेवकाला दिसता कामा नये आणि स्वयंसेवकाचा कॉलरला. घरच्या मोबाइलवर त्याचा मागमूस राहता कामा नये, तो मोबाइल मुलंबाळंही हाताळतात. म्हणून लॅपटॉपवर इंटरनेटवरून कॉल घ्यायची व्यवस्था उभी करावी लागली. हे सगळं दहा-बारा दिवसांत, आणि शिकणारे बरेचसे असे की ज्यांना आजवर रिसीव्हर उचलण्यापलीकडे काही करावं लागलं नव्हतं. माझ्या ड्यूटीचे जोडीदार काका म्हणजे आमच्यातला सर्वांत मुरलेला कान. त्यांनी पहिल्याच दिवशी वीस मिनिटं एका कॉलरला मनापासून ऐकून घेतलं, मध्ये मध्ये "हं", "हो", "पुढे?" सगळं केलं, आणि त्यांचा माइक पूर्णवेळ म्यूट होता. कॉलर "कोणी आहे का?" असं चौथ्यांदा विचारत होता तेव्हा काकांना उमगलं. नंतर मला सांगताना ते हसले आणि मग बराच वेळ गप्प झाले.

त्या "हं"बद्दल थोडं सांगायला हवं. फोनवर समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही. आपण आहोत, ऐकतोय, दचकलेलो नाही, हे सगळं त्याला त्या एका "हं"वरून कळतं. प्रशिक्षणात आम्ही तो अक्षरशः गिरवतो. इंटरनेटवरच्या कॉलला मात्र अर्धा-पाऊण सेकंदाचा उशीर होतो. म्हणजे मी वाक्याच्या शेवटी म्हटलेला "हं" त्याच्या पुढच्या वाक्याच्या सुरुवातीवर जाऊन आदळतो. तो थांबतो. त्याला वाटतं मला काही बोलायचंय. मी थांबते. दोघंही थांबतो, मग दोघंही एकदम सुरू होतो. ज्या माणसाने जेमतेम धीर गोळा करून तोंड उघडलंय त्याच्याशी असा खेळ व्हायला लागला. शेवटी मी "हं" जवळजवळ सोडून दिला आणि सुरुवातीलाच सांगायला लागले, "मी मध्ये बोलले नाही तरी ऐकतेय. मी इथेच आहे."

"इथेच" म्हणजे अडगळीच्या खोलीत. घरात दार लावून घेता येईल अशी आणि कोणाचं सारखं काम पडणार नाही अशी तेवढी एकच जागा. बॅगा, जुना पंखा, रद्दी आणि भिंतीला लावून रचलेल्या गोधड्या. त्या गोधड्यांमुळे आवाज बाहेर जात नाही हा शोध माझ्या मुलीने लावला. तिने बाहेर उभं राहून, मला आत बोलायला लावून, रीतसर तपासणी केली. दाराला आतून कडी नव्हती, म्हणून घरात नियम झाला: दार लोटलेलं असेल तर आत यायचं नाही आणि बाहेर आल्यावर मला काही विचारायचं नाही. हा दुसरा भाग घरच्यांना जड गेला. मी चार तासांनी लाल डोळ्यांनी बाहेर यायचे आणि नवऱ्याने "काय झालं?" म्हणायचं नाही. पस्तीस मिनिटांच्या प्रवासाच्या जागी आता तीन पावलं होती. दोन-चार ड्यूट्यांनंतर मी ड्यूटी संपल्यावर गच्चीवर जाऊन वीस मिनिटं नुसत्या फेऱ्या मारायला लागले, ती सवय अजून आहे.

आता आकडे. टाळेबंदी लागली तेव्हा वाटलं होतं फोनचा लोंढा येईल. आमच्याकडे पहिले दोन-तीन आठवडे उलट शांतता होती. मग चढ सुरू झाला. २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात १९ देशांतल्या हेल्पलाइनवरच्या ८० लाख कॉलचा अभ्यास आला. साथ पसरल्यावर साधारण सहा आठवड्यांनी कॉल शिखरावर पोचले होते, आधीपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त. वाढ मुख्यतः भीतीची आणि एकटेपणाची होती. आम्हालाही तसंच दिसत होतं. "मी आज कोणाशीच बोललो नाही, तुमच्याशी पहिला" असं संध्याकाळी सातला सांगणारी माणसं. घशात खवखवतंय म्हणून रात्रभर जागी असलेली माणसं. आपल्या माणसाचा निरोपही घेता आला नाही, त्याला पिशवीत गुंडाळून नेलेलं लांबूनच पाहिलं, ते पुन्हा पुन्हा सांगणारी माणसं. रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स पंधरा मिनिटं फक्त रडली, "ठीक आहे, आता झोपते" म्हणाली आणि फोन ठेवला. तिला माझ्याकडून एक शब्दही नको होता.

त्याच अभ्यासात असंही होतं की आत्महत्येच्या विचारांबद्दलचे आणि हिंसेबद्दलचे कॉल प्रमाणाने कमी झाले होते. निर्बंध कडक झाले तिथे आत्महत्येशी संबंधित कॉल वाढले आणि लोकांना पैशांची मदत मिळाली तिथे घटले, हेही त्यात होतं. प्रत्यक्ष आत्महत्यांचं म्हणाल तर 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकातल्या एका अभ्यासाने २१ देशांची आकडेवारी तपासली, सुरुवातीच्या महिन्यांत वाढ दिसली नाही. जपानमध्ये मात्र २०२० च्या उत्तरार्धात, विशेषतः स्त्रियांमध्ये, प्रमाण वाढलं. हे इतकं गुंतागुंतीचं असताना "आता आत्महत्यांची साथ येणार" असे मथळे पहिल्या महिन्यापासूनच सुरू होते. मला त्याचा संताप यायचा आणि अजून येतो. कारण ते मथळे वाचणाऱ्यांत आमचे कॉलरही होते. एकजण मला म्हणाला, "तुम्हीच बघा ना, बातम्यांत सांगतायत, माझ्यासारखे लोक आता हेच करणार." जणू कोणी त्याची पाळी लावून ठेवली होती.

हिंसेबद्दलच्या कॉलचं प्रमाण कमी झालं, हे वाचलं तेव्हा मला ती टीव्हीआडची कुजबूज आठवली. हे माझं म्हणणं, अभ्यासाचं नव्हे: त्रास कमी झाला असेल असं मला वाटत नाही. बोलायला जागा उरली नव्हती. पूर्वी लोक ऑफिसातून, बसस्टॉपवरून, कॉलेजच्या मागच्या जिन्यावरून फोन करायचे. आता ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस चोवीस तास पाच फुटांवर बसलेला. घर आमचंही भरलेलं होतं, पण माझ्याकडे गोधड्यांची खोली तरी होती.

त्या कट झालेल्या कॉलबद्दल मी रिकामं होताना ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू चौथी." बाकी तिघांनाही असेच कुजबुजणारे कॉल आले होते आणि तिघांनीही तेच वाक्य म्हटलं होतं. मग आम्ही सगळे ऑनलाइन बसलो आणि सुरुवातीचं वाक्यच बदललं. "बोला" च्या आधी विचारायचं, "आत्ता मोकळं बोलता येईल अशा जागी आहात का? नुसतं हो-नाही म्हणालात तरी चालेल. तेही जमत नसेल तर फोनवर एकदा बोट टेकवा." ते टकटक मला पहिल्यांदा ऐकू आलं त्या दिवशी अंगावर काटा आला. एका बाईंशी मी अकरा मिनिटं अशीच बोलले. मी विचारायचं, त्यांनी एकदा किंवा दोनदा टिचकी मारायची. नळ सोडून न्हाणीघरातून बोलणारे, पांघरुणात शिरून बोलणारे, गाडीत काचा लावून बोलणारे, सगळे त्या काळात भेटले.

एक कॉल मात्र मी कधी विसरणार नाही. आवाज तरुण बाईचा, स्पष्ट, अगदी कामकाजी.

"हॅलो सर, तुमच्याशी त्या फाइलबद्दल बोलायचं होतं."

राँग नंबर म्हणणार होते. मग मागे पुरुषाचा आवाज आला, "कोणाचा फोन?" आणि ती म्हणाली, "ऑफिसचा."

मी विचारलं, "जवळ कोणी आहे म्हणून असं बोलताय का?"

"हो सर."

"तुम्ही सुरक्षित आहात का? कोणी मारतंय का?"

"नाही सर, तसं काही नाही. कामच फार झालंय."

आमच्याकडे हा प्रश्न कधी गुळगुळीत करून विचारत नाहीत. सरळ विचारायचा असतो. विचारल्याने कोणाच्या डोक्यात विचार शिरत नाही. आधीपासून असेल तर सांगायला वाट मिळते. मी विचारलं, "आत्महत्येचा विचार मनात येतोय का?"

"हो सर. ते तयारच आहे."

"आज करायचं ठरवलंय?"

"आज नाही होणार सर. या आठवड्यात."

"ज्याने करायचं असं मनात आहे, ते तुमच्याजवळ आहे?"

"फाइल माझ्याकडेच आहे."

एवढं बोलून ती थांबली. मी हातातला पेन इतका घट्ट धरला होता की नंतर बोटावर वळ उमटला होता. मी म्हटलं, "ती फाइल काही दिवस दुसऱ्या कोणाकडे ठेवता येईल का? काय आहे ते त्यांना सांगितलंच पाहिजे असं नाही."

बराच वेळ काही नाही. लांब कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज.

"बहिणीकडे देऊ शकते सर."

"आज?"

"खालच्याच मजल्यावर राहते. देते." आणि मग, त्याच ऑफिसच्या सुरात, पण किंचित घोगऱ्या आवाजात, "सर, तुम्ही उद्या असता का?"

मी सांगितलं, मी नसेन पण कोणीतरी असेल, आणि तुम्ही 'फाइल' म्हणालात की त्यांना कळेल. तसं ड्यूटीच्या नोंदीत लिहून ठेवलं. पुढचे तीन आठवडे प्रत्येक ड्यूटीला मी आधी त्या नोंदी चाळायचे. फाइलचा फोन परत आला नाही. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते आमच्या कामात कधीच कळत नाही. गोष्टीचा शेवट आम्हाला ऐकू येत नाही, ही सवय करून घ्यावी लागते. मला ती पुरती झालेली नाही.

जूनपासून लेखी चॅट सुरू केलं, ते खरं तर या कुजबुजणाऱ्यांसाठीच. मला त्याबद्दल फार शंका होती. आवाज नाही म्हणजे रडणं नाही, श्वास नाही, हुंदका गिळल्याचं कळणार नाही. कीबोर्डवर जोडाक्षर शोधेपर्यंत समोरचा माणूस वाट पाहून निघून जाईल असंही वाटायचं. प्रत्यक्षात लोक लिहिताना चटकन मुद्द्यावर येतात असा अनुभव आला. फोनवर ज्याला वीस मिनिटं लागली असती ते तिसऱ्याच ओळीत. पण ते तीन टिंब! समोरचा टाइप करतोय असं दाखवणारी ती तीन टिंब उमटतात, थांबतात, जातात, पुन्हा उमटतात. पाच मिनिटं टिंब नाचल्यावर शेवटी येतं काय, तर "काही नाही". काय काय लिहून खोडलं असेल त्याचा विचार करत बसायचं नाही. मी लिहायचे, "तुम्ही लिहून खोडताय असं दिसतंय. घाई नाही." बऱ्याचदा त्यानंतर खरं ते यायचं. आम्हाला एका वेळी दोन चॅट घेण्याबद्दल विचारलं गेलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून नकार दिला, आणि तो नकार अजून पाळतो.

या काळात एका गोष्टीने मला तांत्रिकदृष्ट्या पेचात टाकलं. जिवाला धोका आहे पण बोलायला तयार आहे अशा माणसासोबत आम्ही सुरक्षा आराखडा करतो. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो तयार केला. त्याच्या सहा पायऱ्या. आपलं बिनसायला लागलंय हे कशावरून ओळखायचं. तेव्हा एकट्याने काय करता येईल. मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि ठिकाणं कोणती. मदत कोणाकडे मागता येईल. कोणत्या डॉक्टरशी किंवा सेवेशी संपर्क करायचा. आणि आजूबाजूची जागा धोक्याच्या साधनांपासून मोकळी कशी करायची. वाचायला सोपं आहे. यातली तिसरी पायरी मी पूर्वी भरभर उरकायचे. बाग, वाचनालय, मित्राचं दुकान, देऊळ, जिम, जे सुचेल ते लिहायचं आणि पुढे जायचं. २०२० मध्ये ती पायरीच नाहीशी झाली. "कुठे गेलं की बरं वाटतं?" या प्रश्नावर एक मुलगा म्हणाला, "रेल्वेने कुठेही. नुसतं बसून राहायचं." गाड्या बंद होत्या.

पाचवीचीही तीच गत. दवाखान्यात जा म्हणायची सोय नव्हती, लोक तिथल्या संसर्गाला घाबरत होते आणि डॉक्टर फोनवरच भेटत होते. त्या मुलासोबत मी पाऊण तास तिसऱ्या पायरीवर बसले. अखेर निघालं काय, तर मित्र घराच्या खिडकीतून रस्ता दाखवत व्हिडिओ कॉल लावून ठेवतो. दोघं बोलत नाहीत. आपापलं काम करतात, मागे रस्ता दिसतो. लिहिलं. अशा विचित्र ओळी त्या वर्षी पुष्कळ लिहिल्या.

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलेलं असतं की तुम्ही काठावर उभे राहून हात द्यायचा, पाण्यात उडी घ्यायची नाही. या वेळी काठ कुठे होता? ज्या आठवड्यात आमच्या घरी दोघांचे अहवाल पॉझिटिव्ह आले त्या आठवड्यात मी सुट्टी घेतली नाही, आणि ती माझी दुसरी मोठी चूक. हातपाय चालतायत, ताप मला नाही, मग ड्यूटी का नको? एका आजोबांनी बोलता बोलता मलाच विचारलं, "तुमच्याकडे सगळे ठीक ना?" एरवी या प्रश्नाला आमचं ठरलेलं उत्तर असतं, विषय हळूच त्यांच्याकडे वळवणारं. मला ते आठवलंच नाही. मी गप्प झाले. दोन सेकंद असतील. त्यांना कळलं. "बरं बरं," म्हणाले, "मी जास्त वेळ घेत नाही तुमचा." ज्यांना दिवसभर बोलायला कोणी नव्हतं त्यांनी माझ्यासाठी फोन ठेवला. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, फक्त पुढच्या चार ड्यूट्यांवरून माझं नाव काढून टाकलं.

स्वयंसेवक गळत होते. काहीजण आजारी, काहींच्या घरी मृत्यू, काहींच्या घरात दार लावून घ्यायला खोलीच नव्हती. म्हणून नवी तुकडी घेतली, आणि तीही पडद्यावरच शिकवली. पूर्वी प्रशिक्षणात दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडायचो, म्हणजे चेहरा न बघता ऐकायची सवय होते. आता चौदा चौकोन आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद. सरावात मी कॉलर झाले आणि एका हुशार, उत्साही मुलीला ऐकायला बसवलं. मी कुजबुजायला सुरुवात केली. तिने दोनदा "हं" म्हटलं. मग अगदी आदराने म्हणाली, "ताई, तुमचा आवाज येत नाहीये, जरा मोठ्याने बोलता का?"

मी फोन कट केला.

बाकीचे बारा चौकोन गप्प. पाच मिनिटांनी मी परत आले तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. मी तिला टीव्हीची गोष्ट सांगितली. ती आता आमच्या सर्वांत चांगल्या ऐकणाऱ्यांपैकी एक आहे. तो प्रसंग तिने मला माफ केला की नाही ते विचारलेलं नाही.

केंद्र पुन्हा उघडलं तेव्हा काका आले नाहीत. ते आहेत, तब्येत बरी आहे, पण आता घरूनच चॅट घेतात. बोटं हळू चालतात पण कॉलर थांबतात म्हणे. खोलीतल्या दोन टेबलांपैकी एकावर आता लॅपटॉप आहे. सुरुवातीचं ते वाक्य, बोलता येईल अशा जागी आहात का, तसंच ठेवलंय. साथ गेली तरी त्याला "नाही" म्हणणारे कमी झालेले नाहीत. ते आधीही असणारच, आम्ही विचारत नव्हतो.

मी महिन्यातल्या दोन ड्यूट्या केंद्रात करते आणि दोन घरी. अडगळीच्या खोलीतला जुना पंखा एकदाचा भंगारात गेला, बॅगा बाहेर आल्या, गोधड्या मात्र जिथल्या तिथे आहेत. परवा नवरा काहीतरी काढायला तिकडे गेला. खोलीत कोणी नव्हतं, मी त्याच्यासमोर खुर्चीत बसले होते. तरी त्याने दार ढकलण्याआधी हळूच टकटक केलं आणि क्षणभर थांबला.